आखाजीच्या दगडाला नाव

"गोफण कोठे शे?"

"कोणती गोफण?"

"मनी. खुंटीवरची."

"माय, तू जरा हळू बोल. ओट्यावर फौजदार बसलाय."

"माले माहीत शे. चहा मीच दिना त्याले. गोफण कोठे शे, कुंदन?"

कुंदनने स्वयंपाकघराचं दार आतून लोटून घेतलं. तिशीचा गडी, अंगात पांढरा इस्त्रीचा शर्ट. पुढच्या आठवड्यात पक्ष त्याचं नाव जाहीर करणार होता. तीन वेळा जिल्हा परिषदेत निवडून आलेल्या झुंबरबाईच्या जागी आता तिचा मुलगा उभा राहणार, हे तालुक्यात सगळे धरूनच चालले होते. तो दबक्या आवाजात आईला समजावू लागला. फौजदाराने दोन्ही गावं पालथी घातली होती आणि प्रत्येकाने एकच उत्तर दिलं होतं, आखाजीच्या दगडाला नाव नसतं. मग आपणच का तोंड उघडायचं?

"दगडले नही ऱ्हास," झुंबरबाई म्हणाली. "गोफणले ऱ्हास."

पांझरा नदीच्या या काठाला लोणपिंप्री, त्या काठाला धामणवाडे. अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला, दोन्ही गावच्या लेकी माहेरी येतात. दुपारी गौराई घेऊन नदीत उतरतात आणि कोरड्या वाळूत समोरासमोर उभ्या राहतात. आधी शिव्या. अशा शिव्या की सासरी वर्षभर गिळलेलं सगळं त्या एका तासात बाहेर पडावं. मग दगड. याला बार म्हणतात. दगड बाईनेच मारायचा आणि हातानेच मारायचा. पुरुषांनी वर उभं राहून बघायचं, हसायचं, पण खाली यायचं नाही. नदीतली शिवी घरी न्यायची नाही. आणि कुणाचं डोकं फुटलं तर कुणी फोडलं ते विचारायचं नाही. हळद भरायची, पुरणाचे मांडे खायचे, झालं.

यंदा धामणवाड्याच्या बाजूने दीपमाला पुढे होती. कॉलेजात जाणारी, उंच, आवाज असा की वरच्या शेतातले बैल थांबावेत. शिव्या देतादेता तिची नजर पुलावर गेली. तिथे कुंदन मित्रांबरोबर कठड्याला टेकून उभा होता. दीपमालाने ओढणी कमरेला खोचली आणि त्याची नक्कल केली: माय व माय, माले तिकीट दे, माय व माय, मना शर्टले इस्त्री करी दे. दोन्ही काठ हसले. लोणपिंप्रीच्या बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. कुंदनचे मित्र तर कठड्यावर थापा मारत हसले.

झुंबरबाई मागे वाळूत गौराईजवळ बसली होती. तीही हसली होती. मग तिच्या डोक्यावरून, पुलाच्या अंगाने, फाट्ट असा आवाज आला. तिने वळून पाहिलंच नाही. तो आवाज तिच्या खांद्यात मुरलेला होता. अंबाडीच्या दोराची गोफण सुटते तेव्हाच तसा आवाज येतो. समोर दीपमाला अजून हात वर करून नक्कल करत होती आणि दुसऱ्या क्षणी ती नव्हती. कानशिलाच्या वर भोकच पडलं होतं. वाळू आधी लाल झाली, मग काळी. पोरीचे पाय बराच वेळ वाळूत खरडत राहिले.

आज तिसरा दिवस. धुळ्याच्या दवाखान्यात दीपमालाच्या डोक्याचं हाड कापून काढलं होतं. तिने डोळे उघडले नव्हते.

गोफण ही झुंबरबाईची पहिली विद्या. बाप नथ्थू तिला पहाटेच ज्वारीच्या मचाणावर चढवायचा. कणसावर पाखरू बसलेलं दिसलं की खालून आसूड यायचा, पोटऱ्यांवर. तेव्हा पोर आठ-नऊ वर्षांची. आसूड चुकवायला ती नेम शिकली. पुढेपुढे ती उडतं पाखरू पाडायची आणि बाप ते भाजून खायचा, पण आसूड काही खुंटीला लागला नाही.

सतरा वर्षांची असताना तिने बारात हाताने दगड मारला, तो समोरच्या कमलच्या डाव्या डोळ्यात बसला. डोळा गेला. सगळ्यांनी पाहिलं होतं, कमलने तर सगळ्यांच्या आधी. पण कमल बोलली नाही, तिचे भाऊ कुऱ्हाडी घेऊन निघाले तेव्हाही बोलली नाही. म्हणाली, बार होता, दगड कुठूनही येतो. पुढे तिचं लग्न धामणवाड्यातच झालं, एका बिजवराशी. एका डोळ्याच्या पोरीला दुसरं कोण मिळणार होतं?

झुंबरला गावातच वनाला दिली. वना दारूशिवायही मारायचा, ही त्याची खासियत. शेजारणी म्हणायच्या, बाई, निदान पिऊन मारणारा सकाळी विसरतो तरी. कुंदन पोटात असताना वनाने तिला चुलीवर ढकललं. तिने उठून मुसळ घेतलं आणि त्याचं उजवं मनगट उखळाच्या काठावर धरून मोडलं. दोन घाव लागले. मग स्वतःच दूध-हळद करून त्याला पाजली. त्यानंतर वना जगला तोवर डाव्या हाताने जेवला आणि बायकोला "अहो झुंबरबाई" म्हणू लागला.

जिल्हा परिषदेचा गट बायकांसाठी राखीव झाला तेव्हा गावच्या पुढाऱ्यांनी वनाची बायको म्हणून तिला उभं केलं. सही तिची, कारभार आपला, असा हिशोब. धामणवाड्यात तिला कोण मत देणार, असं म्हणत होते. तिथे कमलबाई पारावर गेली, पदर मागे सारून तो खळगा दाखवला आणि म्हणाली, "मना डोया काढा तिनी. पन नेम पक्का शे. जिले नेम धरता येस, तिलेच मत द्या." पार हसून लोळला. मतंही पडली.

दुसऱ्या निवडणुकीला समोरच्या उमेदवाराची माणसं काठ्या घेऊन नदीत उभी राहिली. तेव्हा पूल नव्हता, धामणवाड्याच्या बायांना पात्रातून चालत लोणपिंप्रीच्या शाळेत मतदानाला यावं लागे. पहिल्या बाईचे पुढचे दात गेले, दुसरीच्या पोटात लाथ बसली. झुंबरबाई शाळेच्या पत्र्यावर चढली, पदरात गोटे, हातात गोफण. एकाची गुडघ्याची वाटी फुटली, एकाचं गळ्याचं हाड. तिसरा गुरासारखा ओरडत पळाला तेव्हा बाकीचे आपोआप पांगले. बाया खालून रांगेने मतदानाला गेल्या. पोलिसांनी विचारलं, दगड कुणी मारले? दोन्ही गावं म्हणाली, पाहिलं नाही बुवा. त्यानंतर तिने भांडून भांडून तो पूल मंजूर करून आणला. जिल्हा परिषदेच्या सभेत एका ठेकेदाराने तिला "बाई, तुम्हाला काय कळतं" म्हटलं, तेव्हा तिने पायातली वहाण काढून टेबलावर ठेवली होती, एवढंच. मारली नव्हती.

कुंदनला गोफण तिनेच शिकवली. आसूड न मारता. त्याचा तिला अभिमान होता.

दारावर थाप पडली. कुंदनने फटीतून पाहिलं आणि बाजूला झाला. कमलबाई आत आली, उंबऱ्यातच बसली. दवाखान्यातून थेट आलेली, अंगावर तीन दिवसांचं लुगडं, बाहीवर नातीचं रक्त वाळलेलं. दीपमाला तिच्या लेकाची पोर. झुंबरबाईने तांब्या पुढे केला. कमलबाईने तो हाताने परत सारला.

"पानी पिसू. पहिले सांग, गोटा कोनी मारा?"

झुंबरबाईने तांब्या खाली ठेवला.

कुंदन मधे पडला. काकू, आम्हाला सगळ्यांनाच वाईट वाटतंय, दवाखान्याचं सगळं मी बघतो, पण आखाजीची रीत तुम्हाला आम्ही सांगायची का, असं काहीसं म्हणाला. कमलबाईने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिचा उरलेला डोळा झुंबरबाईवर होता.

"मना डोया गया, तव्हय मी बोलनू का?"

"नही बोलनी."

"का नही बोलनू? तुना हात व्हता म्हनीसन. बाईना हात व्हता. आपला बार व्हता तो, आपलाच. पुलवरथून येस तो बार नही, झुंबर. ती शिकार शे." ती उठली. गुडघे करकरले. "मी फौजदारले काहीच सांगाव नही. मी दखं नही, ज्यांनी दखं त्या त्याना दोस्त शेत. पन तुले माहीत शे. मी बाहेर बसस."

ती गेल्यावर कुंदनने दाराला कडी घातली.

"मारायचं नव्हतं मला," तो म्हणाला. "भीती घालायची होती. पायाजवळ टाकणार होतो."

"मी तुले पायजवळ टाकाले शिकाडेल नही."

"सगळे हसत होते, माय. तूही हसलीस. मी वरून पाहिलं."

"हसनू. आखाजीनी शिवी व्हती, पोरा. नदीमाच सोडानी ऱ्हास."

तिचा हात धान्याच्या कोठीमागे गेला. लहानपणी काही मोडलं-सांडलं की तो त्याच फटीत लपायचा. गोफण तिथेच होती, गुंडाळून कोंबलेली. तिने ओढून काढली. कुंदनने तिचं मनगट धरलं.

"दे इकडे. चुलीत घालतो. विषय संपेल."

ती सोडेना. त्याने मनगट पिरगाळलं, जसं वना पिरगाळायचा तसंच, अंगठा आतून दाबून. दोर तिच्या बोटांत रुतला. मग त्याने दुसऱ्या हाताने तिला ढकललं. अठ्ठावन्न वर्षांची बाई दाराच्या चौकटीवर जाऊन आदळली. कपाळ फुटलं. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं, डाव्या डोळ्यात, आणि तो मिटला.

कोपऱ्यात मुसळ उभं होतं. दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं. कुंदनने आपला उजवा हात पाठीमागे नेला.

झुंबरबाईने मुसळाला हात लावला नाही. गोफण मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट बांधली, पदराने डोळा पुसला आणि कडी काढली. ओट्यावर फौजदाराचा चहा संपला होता. पायरीवर कमलबाई बसली होती.

"माय," कुंदन मागून म्हणाला. आवाज लहान झाला होता. "माय, तू मनीच माय ना?"

ती उंबरा ओलांडून बाहेर गेली.