सात नंबर उजवीकडे ओढत होती

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीची एक प्लाटून तीन महिन्यांसाठी भिवंडीला आली. वळ गावाच्या हद्दीत भाड्याचं गोदाम, त्याच्या मागे माळ, माळावर तंबू आणि चौदा थ्री-टन ट्रक. बंदरावरून आलेलं सामान गोदामात उतरवायचं आणि मागणी येईल तसं कशेळीवरून ठाण्याच्या बाजूला पोहोचवायचं, एवढंच काम. मी प्लाटूनचा एमटी हवालदार होतो. गाड्या माझ्या आणि ड्रायव्हरही माझे.

लढाईच्या गोष्टी ऐकायला बसलेल्यांची इथे निराशा होईल. अख्ख्या नोकरीत मला शत्रू दिसला नाही. प्रेक्षक मात्र भरपूर मिळाले. पहाटे पाचला उठायचं, सहाला पीटी, साडेसातला फर्स्ट परेड, म्हणजे प्रत्येक गाडीचं तेल, पाणी, हवा तपासायची. आठला पहिली गाडी बाहेर. संध्याकाळी साडेपाचला रोल कॉल. हा माझा खास वेळ होता. गावच्या उत्सवातल्या नाटकांत मी लहानपणापासून खलनायकाची कामं केली होती, आणि इथे तर समोर उभे असलेले तीस जण उठून जाऊ शकत नव्हते. एकाने रिव्हर्स घेताना तंबूचा खुंटा उपटला, तर मी त्याला आठवडाभर त्या तंबूची माफी मागायला लावली. रोज साडेपाचला तो तंबूला सॅल्यूट करायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "तंबूसाहेब, चूक झाली." मी तंबूच्या वतीने उत्तर द्यायचो. हसून हसून लोकांचे बेल्ट सैल व्हायचे.

सात नंबरच्या गाडीवर नाईक शंकर भोईर होता. खारबावजवळचा, शेतकऱ्याचा मुलगा. उंच, शांत, हात सफाईचा. पोस्टिंग घराजवळ आलं म्हणून खूश होता. एका गुरुवारी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला की गाडी उजवीकडे ओढतेय, पुढचा उजवा टायर एका कडेने खाल्ला जातोय.

नागरी वाचकांसाठी सांगतो. ट्रकची पुढची दोन चाकं अगदी समांतर नसतात. समोरच्या बाजूला ती किंचित जवळ असतात. त्याला टो-इन म्हणतात. हे माप बिघडलं की टायर रस्त्यावर गोल फिरण्याऐवजी घासत जातो आणि एका कडेने सोलून निघतो. सात नंबरचा टाय रॉड, म्हणजे पुढची दोन चाकं जोडणारा दांडा, वाकला होता. तो सरळ करून माप बसवायचं तर गाडी वर्कशॉपला पाठवावी लागणार होती, आणि सोमवारी आमचं इन्स्पेक्शन होतं. इन्स्पेक्शनच्या फळ्यावर मला लिहायचं होतं: एकूण गाड्या चौदा, ऑन रोड चौदा, ऑफ रोड शून्य. त्या शून्यावर माझा जीव जडला होता.

भोईर पुढे बोलला नसता तर बरं झालं असतं. पण तो सरळ माणूस. म्हणाला, "उस्ताद, येताना युसूफचाचाला दाखवली. तो पन म्हनतो, ही चालवू नको."

युसूफचाचा म्हणजे ठाण्याच्या रस्त्यावरचा टायरवाला. कोकणी मुसलमान, पांढरी दाढी. मशीन वगैरे काही नाही. दोन चाकांच्या मध्ये सुतळी धरून माप काढायचा, पण अख्ख्या भिवंडीचे ट्रक त्याच्याकडे यायचे. माझ्या गाडीला एक नागरी माणूस सुतळी लावतो आणि माझाच ड्रायव्हर मला त्याचा निकाल ऐकवतो, हे मला सोसलं नाही. मी गोड हसलो. मी गोड हसलो की प्लाटूनमधले जुने लोक दोन पावलं मागे सरकायचे.

शनिवारी दुपारी मी माझी युक्ती केली. एका उस्तादाने मला ती शिकवली होती. झिजलेला टायर काढायचा, रिमवर उलटा चढवायचा. झिजलेली कड आत जाते, चांगली कड बाहेर येते. वरून काळा रंग मारायचा. इन्स्पेक्शनचा अधिकारी गाडीसमोर उभा राहून बघतो, गाडीखाली शिरत नाही. टायर बसवताना भोईर म्हणाला की आतल्या कडेला रबराखालचा कॅनव्हास दिसायला लागलाय, आणि लॉगबुकात डिफेक्ट लिहू का. मी सांगितलं, सोमवारनंतर लिही. नवे टायर आणि वर्कशॉपचा नंबर गुरुवारचा ठरला होता. पाच दिवसांचा प्रश्न होता.

रविवारी भोईरचे वडील आले. पांढरं धोतर, हातात सुक्या बोंबलांची पिशवी. प्रेक्षकांत घरचा माणूस आलेला बघून मला स्फुरण चढलं. मी सगळ्यांना फॉल-इन केलं. भोईरला पुढे बोलावलं. त्याच्या एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत सुतळी धरली, डोळा बारीक केला आणि जाहीर केलं की या माणसाचं अलाइनमेंट गेलंय, नाक उजवीकडे ओढतंय. मग ऑर्डर दिली, "टो-इन पोझिशन. तेज चल." पायाचे अंगठे एकमेकांकडे वळवून भोईरने माळाला तीन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत तो पडला. लोक हसले.

त्याचे वडीलही हसले. त्यांना वाटलं, पलटणीतला काही खेळ असेल. मला हात जोडून म्हणाले, "आमचा शंकर तुमच्यात रमलाय."

भोईर तेवढ्यात उठून पुढची फेरी मारायला लागला होता. वडिलांकडे त्याने पाहिलं नाही. तो प्रयोग माझा त्या पोस्टिंगमधला सर्वोत्तम होता, असं मी नंतरही बरीच वर्षं सांगत असे.

सोमवारचं इन्स्पेक्शन उत्तम झालं. अधिकारी सात नंबरसमोर थांबले, टायरवर छडी टेकवली आणि "गुड" म्हणाले. ऑफ रोड शून्य.

मंगळवारी सकाळी साडेआठला पोत्यांचा लोड आला. तीन टन, ठाण्याच्या बाजूला. मी सात नंबर लावली. भोईर सावधान उभा राहिला.

"उस्ताद, गुरुवारपर्यंत हिला नका काढू. टायर न्हाय टिकणार."

"भीती वाटते?"

"हाय, वाटते."

"मग मी बसतो बाजूला. सुतळी घेऊन."

नऊ दहाला आम्ही गेटबाहेर पडलो. मी वाटेत युसूफचाचाची नक्कल करत होतो. दाढी कुरवाळत, हवेत सुतळी धरत. भोईर दोन्ही हातांनी स्टिअरिंग डावीकडे दाबून धरून बसला होता, कारण गाडी सतत उजवीकडे जात होती. त्याच्या मनगटाच्या शिरा वर आल्या होत्या. मी म्हणालो, बैलगाडी बरी. वाढव. तो म्हणाला, यापेक्षा जमत न्हाय. मी वाकून काटा बघितला.

कशेळीच्या पुलाच्या अलीकडे भरावावर पुढचा उजवा टायर फुटला. वेळ नऊ पंचवीस. समोरून प्रवाशांनी भरलेला टेम्पो येत होता. भोईरने तो जाईपर्यंत गाडी कशी रोखली, मला माहीत नाही. टेम्पो गेला, मग त्याचे हात सुटले. गाडी रस्ता ओलांडून भरावावरून खाली गेली आणि उजव्या कुशीवर चिखलात पडली. मी वर होतो, तो खाली. माझं कॉलरबोन मोडलं.

आसपासचे लोक धावले. युसूफचाचाची दोन माणसं जॅक घेऊन आली, मागून तोही आला. भोईरला बाहेर काढायला चाळीस मिनिटं लागली. पहिली वीस मिनिटं तो जिवंत होता. माझ्याशी एकदाच बोलला. "उस्ताद, टेम्पो गेला?" मी म्हणालो, "गेला."

चाचाने फुटलेल्या टायरची आतली कड हाताने चाचपली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हवालदारसाब, उलटा बसवला होता." आणि हात धुवायला खाडीकडे गेला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी आठ दिवसांनी बसली. मी हात गळ्यात बांधून उभा होतो.

"टायरची अवस्था?"

"सर, सोमवारी इन्स्पेक्शनमध्ये पास."

"ड्रायव्हरने डिफेक्ट रिपोर्ट केला होता?"

"लॉगबुकात नोंद नाही, सर."

"वेग?"

"जास्त असावा, सर."

चाचाला कुणी बोलावलं नाही. मीही त्याचं नाव घेतलं नाही. निष्कर्ष आला: वाहनचालकाचा अतिवेग आणि निष्काळजीपणा. नवे टायर ठरल्याप्रमाणे गुरुवारीच आले होते. मी सेवेची वर्षं पूर्ण करून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो.

निष्कर्ष आल्यावर भोईरचे वडील त्याची ट्रंक न्यायला आले. ट्रंक मी स्वतः उचलून दिली, एका हाताने. ते म्हणाले, "साहेब, कागदावर लिवलंय, तो जोरात होता. तुमी तर त्याचे बाजूलाच होते. जोरात होता का?"

मी म्हणालो, "इन्क्वायरीत आलंय तेच, बाबा."

त्यांनी मान हलवली, ट्रंक खांद्यावर घेतली आणि खारबावच्या रस्त्याला लागले. आता तेही नाहीत. म्हणून उत्तर इथे लिहितो.

नाईक शंकर बाळू भोईर, वय एकोणतीस. गाडी नंबर सात. गाडी त्याने डाव्या बाजूने, नीट चालवली होती. मी काटा पाहिला तेव्हा वेग ताशी तीस किलोमीटर होता.