नाक आपलं, छाती डॉक्टरची

बाळाचं नाक चोंदलं म्हणून बोलावलं, तर सिस्टर नाकाकडे बघायच्याच नाहीत. आधी झबलं वर करायच्या आणि कमरेवर हात ठेवून बाळाच्या छातीकडे बघत उभ्या राहायच्या. घरातले सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत. मग निकाल यायचा. "नाक हाय. आपलं काम."

श्वासासरशी बरगड्यांखाली खड्डा पडताना दिसला, तर मात्र त्या थेंबाच्या बाटलीला हातही लावायच्या नाहीत. "नाक आपलं, छाती डॉक्टरची. रिक्षा बोलवा." मग कुणी कितीही गळ घाला, उपयोग नसे.

सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन त्या मस्तगडला आमच्या गल्लीत एकट्या राहायच्या. सकाळी त्यांच्या घरातून बुद्धवंदना ऐकू आली की आमच्याकडे चहाचं आधण चढे. दारावर नावाची पाटी होती, पण ती कुणी वाचली असेल असं वाटत नाही. गल्लीतली बहुतेक नाकं त्यांच्याच हाताखालून गेलेली. मिसरूड फुटलेल्या मुलांनाही भर रस्त्यात अडवून नाकाची खुशाली विचारायच्या. अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. त्यांच्यापुढे कुणी मोठं होतच नाही.

माझी लेक जेमतेम दोन महिन्यांची असताना तिचं नाक असं चोंदलं की दूध तोंडात घेई, गुदमरे आणि सोडून रडे. सकाळपासून पोटात धड काही नव्हतं. मी रडकुंडीला आले होते. सासूबाई वाटूर गावच्या. त्यांच्याकडे बाळाच्या नाकात कोमट तेल सोडायची रीत. त्या वाटी घेऊन तयारच होत्या. मी घाबरून सिस्टरना हाक मारली आणि लगेच पस्तावले, कारण आता या दोघींची जुंपणार हे दिसतच होतं.

सिस्टरनी झबलं वर केलं. नाकच होतं. माझ्या जिवात जीव आला. मग त्यांनी सासूबाईंच्या हातातली वाटी अदबीने घेतली, वास घेतला आणि तेल घाण्याचं आहे का म्हणून चौकशी केली.

"तेल लई चांगलंय ताई. तळपायाला लावा. नाकातून छातीत उतरलं तर मंग ते माझ्या हातात राहत न्हाई."

एवढ्या कौतुकानंतर भांडायचं कसं, हे सासूबाईंना सुचेना. त्या नातीचे तळपाय चोळत बसल्या.

सिस्टरनी मेडिकलमधून आणलेले मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात सोडले आणि लेकीला खांद्याशी उभं धरलं. आता शिंक येईपर्यंत कुणी बोलायचं नाही, हा त्यांचा नियम. वैद्यकात याला काही आधार नसावा. चार बायका जमल्या की चाळीस सल्ले निघतात, त्यावरचा तो इलाज असणार. बाहेर भाजीवाला ओरडत होता, त्यालाही सासूबाईंनी खिडकीतून हातानेच गप्प केलं.

शिंक आली. सिस्टरनी मऊ फडक्याच्या टोकाने नाक टिपून घेतलं. लेक घटाघट प्यायला लागली आणि मी हुंदके द्यायला लागले. तेच फडकं माझ्याकडे टाकत सिस्टर म्हणाल्या, "आता तुझं तू पूस."

गेल्या हिवाळ्यात सिस्टरच खोकत होत्या. आम्हाला साधी सर्दी वाटली. सासूबाई काढा घेऊन गेल्या, मागोमाग मी. सिस्टर खाटेवर बसल्या होत्या, एक हात स्वतःच्या बरगड्यांवर ठेवून. सासूबाईंनी पेला पुढे केला, तो त्यांनी अलगद बाजूला सारला.

"हे नाक न्हाई, ताई," त्या शांतपणे म्हणाल्या. "रिक्षा बोलवा."

रिक्षात सासूबाई त्यांना टेकू देऊन बसल्या आणि दवाखान्यात शेवटपर्यंत उशाशी होत्या. डॉक्टरांनी खूप केलं. सिस्टर परत आल्या नाहीत. त्यांच्या दाराला कुलूप आहे, आणि आमचं चहाचं आधण हल्ली घड्याळ बघून चढतं. मला त्यांची फार आठवण येते.

परवा समोरच्या घरातलं तान्हं बाळ चोंदलेल्या नाकाने किरकिरत होतं. त्यांनी सासूबाईंना बोलावलं. सासूबाईंनी झबलं वर केलं आणि कमरेवर हात ठेवून बघत उभ्या राहिल्या. "नाक हाय," म्हणाल्या. मग थेंब सोडून बाळाला खांद्याशी धरलं, आणि आम्ही सगळ्याजणी गप्प बसलो.

शिंक आली. तरी बराच वेळ कुणीच बोललं नाही.