उकळलेली कात्री

अनसिंगच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर आले की ओट्यावर बसलेले लोक उठून उभे राहत. कंपाउंडरलाही साहेब म्हणत, कारण औषधाची बाटली त्याच्या हातून मिळे. दवाखान्याची सुईण हिरीबाई आली की मात्र कुणी पायसुद्धा आवरून घेत नसे. बायका तेवढ्या पदर ओढून बाजूला सरकत, तिचा धक्का लागू नये म्हणून. अकोल्याला राहून ती सुईणपण रीतसर शिकून आली होती. पण गावाच्या लेखी ती दहा घरचा विटाळ अंगावर वागवणारी विधवा. तिला हाक मारायची ती "ए दाई" अशीच.

हिरीबाईने त्यावरून कधी भांडण काढलं नाही. चहा दिलाच तर तो कानतुटक्या कपात, आणि तो कप आपणच विसळून वळचणीला उपडा घालायचा, हेही तिने अंगवळणी पाडून घेतलं. तिचा हट्ट एकाच गोष्टीचा होता. कात्री आणि नाळेचा दोरा खळखळा उकळायचा, उकळलेल्या फडक्यात गुंडाळायचा आणि मग तिच्याशिवाय कुणी त्याला शिवायचं नाही.

गावातल्या मातब्बर दौलतरावाच्या बायकोला, विजयमालाला, पहिल्या खेपेला कळा सुरू झाल्या तेव्हा हिरीबाईला बोलावणं आलं. दारातच दौलतरावाची आई तुळसाबाई उभी होती.

"इकून नोको. मांगून ये वं दाई, समोर देव हायेत. आन् हे कातड्याची थैली भायेरच ठेव."

थैली परसातल्या निंबाखाली राहिली. हिरीबाईने तिथेच चुलीवर कात्री उकळली, गुंडाळी पाटावर ठेवली आणि हात धुवायला न्हाणीत गेली. तेवढ्यात आतून विजयमाला किंचाळली. हिरीबाई धावत आली, गुंडाळी उचलून आत गेली. फडकं ओलं लागलं, पण उकळलेलं फडकं ओलं असायचंच. खोलीत ओव्याचा आणि शेणीचा धूर असा कोंडला होता की दुसरा कसला वास यायची सोय नव्हती. मुलगा झाला. तुळसाबाईने तिच्या हातावर वरून पाणी घातलं आणि तिला मागच्या दाराने वाटेला लावलं.

आठवडाभरात पुन्हा बोलावणं आलं. लेकरू दूध ओढत नव्हतं. जबडा मिटलेला, अंग लाकडासारखं ताठ.

"सटवी लागली का वं याले?" तुळसाबाईने विचारलं.

हिरीबाईने दुपटं सारून बेंबी पाहिली. "बाई, नाळेले काई लावलं होतं का?"

"काई नाई. तुह्यंच कात्री-दोरा. तुह्या हातचं म्हून म्या फडकं सोडून गोमूत्र शिंपलं, गोठ्यात जरासं भुईले टेकवलं आन् पुन्हा गुंडाळलं. असं शुद्ध केल्याबिगर आमच्या घरात काई आत जात नाई." घरची शिस्त सांगावी तशा तोऱ्यात ती बोलली.

"त्यानंच झालं हे," हिरीबाईच्या तोंडून निघून गेलं.

"जबान सांभाळ!" दौलतराव अंगावर धावून आला. "लेकरू तुह्या हातानं चाललं, आन् नाव मह्या मायचं घेतं?"

दिवस मावळायच्या आत मूल गेलं. गावात तिचं नाव झालं ते पोट्टेखाऊ दाई असं. डॉक्टरांनीही भरल्या ओट्यावर तिला विचारलं, "कात्री नीट उकळली होती ना?" शेजारी दौलतराव खुर्चीवर बसला होता. त्याला कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या खेपेला विजयमालाने गावच्या म्हाताऱ्या सुईणीला अंगाला हात लावू दिला नाही. हिरीबाईचं ते एक वाक्य तिने खाटेवरून ऐकलं होतं. "हिरीबाईले बलावा, नाईतं मले मरू द्या," एवढंच ती दात आवळून म्हणत राहिली. शेवटी दौलतराव दवाखान्याच्या पायऱ्यांशी आला.

"चाल वं दाई."

हिरीबाई पट्ट्यांची घडी घालत होती. तिने मान वर केली नाही.

"समोरच्या दारानं येईन. थैली मह्यासंग आत राहीन. तुमची माय खोलीत येनार नाई. आन् नाव हाये मले."

दौलतरावाने इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून.

"चाला, हिरीबाई."

देवांसमोरून ती आत गेली. तुळसाबाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. या वेळी मुलगी झाली, खणखणीत रडली. हिरीबाई बाहेर निघाली तेव्हा समोरचा उंबरठा ओला होता आणि गोमूत्राचा वास दरवळत होता. लुगडं वर धरून तिने तो ओलांडला.

आठवड्याने ती नाळ पाहायला गेली. समोरच्या दाराला आतून कडी होती.

"मांगून ये वं दाई," तुळसाबाईचा आवाज आला. ओसरीवर दौलतराव सुपारी कातरत होता. त्याने वर पाहिलं नाही.

हिरीबाईला परत फिरता आलं असतं. पण नाळ बघितल्याशिवाय जीवाला स्वस्थता नव्हती, आणि तिच्याशिवाय ती बघणारं कुणी नव्हतं. घराला वळसा घालून ती परसात गेली.

पोरगी चुरूचुरू दूध पीत होती. नाळ कोरडी होऊन गळली होती.

"बसा ना जी, हिरीबाई," विजयमाला म्हणाली. पण हळूच, सासूला ऐकू जाणार नाही एवढ्याच आवाजात.