कारण लेखी द्या

भोसरीच्या कारखान्यातली माझी स्टोअरकीपरची नोकरी मंदीत गेली आणि वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी एका ॲपवाल्या कंपनीसाठी वारज्यात लोकांच्या घरी जेवण पोचवायला लागलो. दोन वर्षं बरं चाललं. मग ऑर्डरी रोडावल्या, कंपनीनं माणसं कमी करायला घेतली आणि एका सकाळी माझा आयडी बंद. मेसेज आला होता : ‘प्रिय भागीदार, आपला एकत्र प्रवास इथे थांबत आहे.’

बायकोनं चष्मा लावून तो वाचला. “प्रवास कसला? वारज्याच्या बाहेर कधी गेलात?”

कारण एवढंच कळलं की माझं रेटिंग घसरलं होतं. मला पटेना. कधी काही सांडलं नव्हतं, कुणाशी भांडलो नव्हतो. एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंना मी रोज दुपारी जेवण देत असे, त्यांना सांगायला गेलो. त्या चकित झाल्या.

“अहो, पण मी तुम्हाला न चुकता एक स्टार देते!”

“एक?”

“म्हणजे पहिला नंबर.”

मी फोन काढून त्यांना पाचही स्टार मोजून दाखवले. पाच स्टार म्हणजे उत्तम, हे समजल्यावर बाईंचा चेहरा पडला. पण फार वेळ पडून राहिला नाही. “करार आणा,” त्या म्हणाल्या.

करार फोनमध्ये होता, इंग्रजीत, आणि मी तो न वाचताच मान्य केला होता. बाईंनी छापून आणायला लावला आणि लाल पेन घेऊन बसल्या. दोन दिवसांत व्याकरणाच्या एकतीस चुका निघाल्या. कामाचं वाक्य एकच : कंपनी कधीही, कारण न देता, करार संपवू शकते.

“हे वाक्य मात्र शुद्ध आहे,” बाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी त्या माझ्या स्कूटरवर मागे बसून कंपनीच्या येरवड्याच्या ऑफिसात आल्या. वॉचमननं दारातच अडवलं. “भागीदारांना आत सोडत नाही. फक्त कर्मचारी.”

“तुम्ही कर्मचारी का?” बाईंनी विचारलं.

“नाही हो. मी एजन्सीचा.”

शेवटी एक तरुण साहेब खाली आला. बाईंनी आपली चूक कबूल केली, लेखी दिली आणि करार त्याच्यापुढे धरला. “हे कलम मोठ्यानं वाचा. अर्थ सांगा.”

तो दोनदा अडखळला. “मॅडम, खरं सांगू? माझाही करार असाच आहे. मीही वाचला नव्हता.”

“यांना काढल्याचं कारण लेखी द्या.”

“ते सिस्टिम ठरवते.”

“मग सिस्टिमला खाली बोलवा.”

आठवड्यानं माझा आयडी सुरू झाला. आनंद झाला, पण ओशाळल्यासारखंही वाटलं. माझ्याबरोबर काढलेले अकरा जण घरीच होते. त्यांच्यासाठी कुणी येरवड्याला गेलं नव्हतं. मग सगळे बाईंच्या हॉलमध्ये जमलो आणि कामगार खात्याकडे अर्ज केला. शुद्धलेखनासाठी तो तीनदा लिहावा लागला. सुनावणीच्या तारखा पडत गेल्या. सात जणांना परत घेतलं, आणि आता आयडी बंद करण्याआधी कंपनी कारणासह आठ दिवसांची नोटीस देते. आमची नोकरी पक्की झालेली नाही, पण निदान एका सकाळी अचानक जाणार नाही.

चौघांचा निकाल अजून लागायचाय. त्यासाठी दर रविवारी आम्ही बाईंकडे जमतो. उशिरा येणाऱ्याला त्या दाराबाहेर उभं करतात.