सत्तू माघारी आला नाही

"माघारी आण त्याला! आत्ताच्या आत्ता आण!"

मालक ओरडत होते. आवाज असा, की जोतिबाच्या डोंगरावरची कबुतरं उडाली ती थेट पन्हाळ्यावर जाऊन बसली. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा.

मी चुलवाणाच्या तोंडाशी उकिडवा बसून उसाची चिपाडं जाळात सारत होतो. विचारलं, "कुणाला, मालक?"

"सत्तूला."

आता हा सत्तू कोण? कुणीच नाही. त्याला आई नव्हती, बाप नव्हता, रेशनकार्डावर नाव नव्हतं. मी तोंडानं जन्माला घातलेला माणूस तो. गोष्टीतला.

साल सत्तरच्या मागंपुढं. पंचगंगेच्या काठाला मालकांचं गुऱ्हाळ, आणि मी त्यांचा सालगडी. पाडव्याला मालक गड्याच्या डोक्यावर पटका ठेवायचे. पटका बसला की पुढच्या पाडव्यापर्यंत माणूस त्यांचा. माझ्या बापाच्या डोक्यावर बसलेले पटके एकाला एक गाठ मारून सोडले असते, तर रंकाळ्याला वेढा पडला असता.

चुलवाण माझं. वरची रसाची काहील मात्र माझी नव्हे. तिला हात लावायचा नाही. गूळ निघाला की बाकीच्यांना पानावर, मला वरनं, ओंजळीत टाकायचा. माझ्या जाळावर शिजलेला गूळ माझ्या बोटानं बाटायचा. जाळ बाटत नव्हता. लय सोयीचं.

गुऱ्हाळावर एक रीत होती. रस काहिलीत पडला, आधण लागलं, की माझी गोष्ट सुरू. दस्तगीर चाचा आमचे गुळव्या. पाक पाण्यात टाकून बोटांनी चाचपायचे आणि झाला की हात वर करायचे. हात वर गेला की गडी काहील उतरवायला धावायचे, आणि गोष्ट असेल तिथं थांबायची. मग राजा फासावर लटकत असो की राणी न्हाणीत असो. पुढचं पुढच्या आधणाला.

त्या हंगामात मी सत्तूला पळवला होता. सत्तूही सालगडीच. एका सकाळी बैल सोडायला गेला आणि बैलांऐवजी स्वतःलाच सोडून आला. निघाला समुद्र बघायला. मला कुठं जाता येत नव्हतं, म्हणून त्याला धाडला. गगनबावड्यापर्यंत नेला. तिथला पाऊस मी असा पाडला, की म्हशींच्या पाठीवर भात उगवलं आणि मासे धारा धरून ढगात चढले. गडी हसून हसून चिपाडावर लोळले. हसता हसता गप्प झाले. कारण सत्तू घाटाच्या तोंडाशी उभा होता. खाली कोकण. आणि तेवढ्यात चाचांचा हात वर गेला.

दुसऱ्या दिवशी गोपा कामाला आला नाही. आमच्यातला सगळ्यात गरीब गडी. मारलं तरी सावलीत सरकून मार खाणारा. त्याच्या बायकोनं सांगितलं, पहाटेच्या एस्टीनं गगनबावड्याला गेलेत. समुद्र दिसतो का बघून येतो म्हणाले.

मालकांनी सरळ हिशेब केला. गोष्टीतला गडी पळाला म्हणून खरा पळाला. गोष्टीतला परत आला की खराही येईल, आणि बाकीचे जागेवर राहतील. लाखाची शेती बाळगणारा माणूस, आणि एका हवेतल्या गड्याला धरायला निघाला. हसू नका. त्यांचं फार चुकलंही नव्हतं.

"उठ," म्हणाले. मी उठलो. माझ्या हातातला दांडका भाऊ नावाच्या गड्यानं घेतला आणि तो चिपाडं सारायला बसला.

मालकांनी पायातलं पायतान काढलं. गाईच्या शेणानं भरलेलं. माझ्या डोक्यावर ठेवलं.

"ह्ये असंच धर. आन सांग समद्यास्नी. सत्तू आला, नाक घासलं, चुकलो म्हणाला. सांग."

मी दोन्ही हातांनी पायतान धरलं. शेण कपाळावरनं नाकाकडं यायला लागलं. गडी खाली बघत होते. ज्यांना काल हसवलं, त्यांना आज माझ्याकडं बघवत नव्हतं. मारापेक्षा ते वाईट.

सुरू केलं. सत्तू घाटाच्या तोंडाशी उभा हाय, म्हणालो. वारं सुटलंय. त्यानं मागं बघितलं.

इथवर नीट आलो. पुढं एवढंच म्हणायचं होतं, की तो वळला. जन्मभर थापा मारल्यात मी. वाघाला मिशी धरून पाण्यावर नेलाय, हत्ती मडक्यात घालून मुरगूडच्या बाजारात विकलाय. कधी जीभ अडली नाही. या एका थापेला अडली. मी सत्तूला वळवायला गेलो, तर त्याचं डोकं दिसलं. उघडं. पटका नाही, पायतान नाही, वर नुसतं आभाळ. असं डोकं मी खऱ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. माझ्या बापाचंही नाही. ते मीच बनवलं होतं, माझ्याच तोंडानं. आणि मालक मला तेच मोडायला सांगत होते.

मी पायतान उतरवलं. फेकलं नाही. मालकांच्या पायाशी नीट सरळ ठेवलं.

"सत्तू येत न्हाई, मालक."

"तुझ्याच तोंडातला न्हवं त्यो? आण की."

"तोंडातला हुता. आता घाट उतराय लागलाय."

मालकांचा कासरा बसला पाठीवर. मी सांगत राहिलो. सत्तू पहिल्या वळणाला गेला. पुन्हा बसला. सत्तू दुसऱ्या वळणाला. माझा आवाज चढत गेला, गड्यांच्या माना वर आल्या. भाऊ जाळ सारत होता, थांबेना. फणस आले, माड आले, तांबडी माती आली. करपल्याचा वास सुटला तरी चाचांचा हात खालीच. चाळीस वर्षं पाक चाचपलेला माणूस, काहिलीत बघत उभा. सत्तूच्या पायाला पाणी लागलं. त्यानं बोट बुडवून चाटलं. खारट.

तेव्हा चाचांनी हात वर केला.

काळा धूर उठला तसे मालक कासरा टाकून काहिलीकडं धावले. आत डांबर. त्याचा रस्ता झाला असता, थेट गगनबावड्यापर्यंत.

दोन दिवसांनी गोपा एस्टीनं परत आला. मला म्हणाला, "तिथनं समुद्र दिसत न्हाई, लेका. नुसतं धुकं हाय."

म्हणालो, दिसतो असं मी कुठं म्हणालो? उतरावं लागतं.

पाडव्याला मालकांनी पटका आणला. मी मान वाकवली नाही. माझ्या शेजारी गोपानंही नाही. वरनं टाकलेला गूळ मी त्यानंतर खाल्ला नाही. माझ्या डोक्यावर मी माझ्या हातानं ठेवीन तेच बसेल. पोरांनाही हेच शिकवलं, आणि जो कुणी माझ्या गोष्टीतला माणूस माघारी आणायला सांगेल, त्याची काहील करपेल.

पटका काखेत मारून मालक चाचांकडं वळले. विचारलं, "पाक कधी हुतो ते तुला डोळं झाकूनबी कळतं. मग त्या दिशी येळेवर हात का वर केला न्हाईस?"

चाचा काहील घासत होते. मान वर केली नाही.

"गोष्ट अजून व्हायची हुती," म्हणाले.