लिमये सरांचं कॉफी हाऊस

शिफ्ट संपवून गाडीत बसत होते, तेवढ्यात मीराचा फोन आला. “बाबा गेले गं. पुण्यात, खुर्चीत बसल्या बसल्या.” आणि लगेच पुढे, “मीच पाठवलं त्यांना.”

मीरा आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या लिक्सलिप गावातली माझी शेजारीण. लिमये सर तिचे वडील. त्यांनी पुण्याच्या कॉलेजात जन्मभर अठराव्या शतकातलं इंग्रजी साहित्य शिकवलं. २०२०च्या फेब्रुवारीत लेकीकडे चार दिवस राहायला म्हणून आले आणि विमानंच बंद झाली. बिचारे अडकले, असं आम्ही म्हणायचो. बिचारे कसले! बाहेर भेटायची मुभा मिळाल्याबरोबर त्यांनी मीराच्या मागच्या बागेत कॉफी हाऊस काढलं. आपापला मग घरून आणायचा आणि लांब लांब बसायचं. अठराव्या शतकात लंडन-डब्लिनच्या कॉफी हाऊसांत सरदार आणि छापखान्यातला माणूस एका टेबलाशी भांडायचे, बिननावाची पत्रकं राजाची झोप उडवायची, हे सर असं सांगत की जणू आत्ताच तिथून उठून आलेत. आमच्यासाठी मात्र त्यांचा एक खास नियम होता. तुम्हाला जे पटतं, ते इथे बोलायचं नाही. उलट बाजू घ्यायची, आणि तीही जीव ओतून. समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा बरं मांडता आलं, की तुमच्यात विवेक आला असं समजा, म्हणायचे.

काय धमाल यायची म्हणून सांगू! पलीकडच्या घरातला शॉन, निवृत्त पोस्टमन, अगदी कट्टर आयरिश. त्याला सरांनी लंडनच्या पार्लमेंटने आयर्लंडवर राज्य करणं कसं योग्य होतं, हे मांडायला लावलं. तो लालबुंद होऊन बोलला, छान बोलला आणि शेवटी कॉफीने खळखळून चूळ भरली. कॉम्प्युटरच्या चिप बनवणारी मी, मला नजर लागते हे खरं आहे, या बाजूने बोलावं लागलं. माझी लेक तिच्या आयरिश हेलात म्हणाली, “ममा, दॅट वॉज ग्रँड.” सर पोट धरधरून हसले.

पुढच्या वर्षी विमानं सुरू झाली आणि घरात खटके उडायला लागले. सरांना परत जायचं होतं. मीराचं म्हणणं, या वयात एकटं राहायचं नाही, आता इथेच. दोघंही एकापेक्षा एक हट्टी. शेवटी सरांनीच तो विषय कॉफी हाऊसमध्ये आणला. ते इथे राहण्याच्या बाजूने बोलले, तेही मनापासून. मग मीरा उठली आणि त्यांच्या जाण्याच्या बाजूने बोलली. बाबांना त्यांची पुस्तकं हवीत, विद्यार्थी हवेत, वाद घालायला मराठी माणसं हवीत... मी त्यांना कपाटातल्या काचेच्या बशीसारखं जपतेय, ते आवडतं फक्त मला. खाली बसल्यावर तिनं तिकीट काढायला लॅपटॉप मागवला.

पुण्याहून सरांचे फोन यायचे ते नुसते उत्साहाने फसफसलेले. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कॉफी हाऊस सुरू झालं होतं. चेअरमनसाहेबांना स्वतःच्याच राजीनाम्याची मागणी करायला लावली, हे त्यांनी मला तीनदा सांगितलं. परतल्यावरचे ते दोन महिने सर अगदी मजेत होते.

गेल्या रविवारी आम्ही पुन्हा त्या बागेत जमलो, कोट-टोप्या चढवून. मीरा उभी राहिली. बाबांना पाठवायला नको होतं, यावर बोलणार म्हणाली. मी विचारलं, “तुला खरंच तसं वाटतं?”

“हो.”

“मग ती बाजू तुला नाही मिळणार.”

ती मान हलवून बोलायला लागली. पाठवलं ते बरोबर कसं होतं, ते. पार्किंगमधल्या सभा, चेअरमनसाहेब, फोनवरचं ते खदखदून हसणं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

आता नियमाने आम्हाला तिच्या विरुद्ध बोलणं भाग होतं, कारण तिनं पाठवलं ते बरोबरच होतं, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. शॉनने माझ्याकडे पाहिलं, मी शॉनकडे. उठलं कुणीच नाही. सरांचा नियम आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा मोडला.