नारूची वाट पाहिली ते वर्ष

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी मला समुद्र हवा होता. नागपूरला आमच्या सरांच्या खोलीत कोकणच्या किनाऱ्यावरून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या होत्या. त्यातला एक थेंब काचेवर ठेवून सूक्ष्मदर्शकातून पाहिला, की कुठे घंटा, कुठे सुया, कुठे झुंबराचे लोलक असावेत तसे जीव दिसत. पाणी नेईल तिकडे वाहत जाणाऱ्या या जिवांना प्लवक म्हणतात, हे मला तिथेच कळलं. पण मुलीला एकटीला समुद्रावर पाठवायला वडील तयार नव्हते. ते चांदा जिल्ह्यात मूल गावाच्या पुढे एका खेड्यात हेडमास्तर होते. चांदा तेव्हा मध्यप्रदेशात होता.

सर म्हणाले, "समुद्र नाही तर तलाव घ्या. तुमच्याकडे गावागणिक तलाव आहेत. वर्षभरात एका तलावात कोणते जीव येतात, कोणते जातात, कोण कोणाची जागा घेतं, एवढंच लिहा. तेही कोणी नीट लिहिलेलं नाही."

अशा रीतीने दिवाळीनंतर मी कॉलेजचा पितळी सूक्ष्मदर्शक मांडीवर घेऊन छोट्या रेल्वेने गावी आले. रेशमी कापडाची शंकूसारखी जाळी आईने शिवून दिली. तलावात फिरायला डोंगा, म्हणजे लहान लाकडी होडी, लागणार होता. तो मिळाला मासेमारी करणाऱ्या एका ढिवर बाईंकडून. वय पन्नाशीच्या पुढे, आवाज मोठा. त्यांच्या नवऱ्याला आदल्या उन्हाळ्यात गुडघ्यात नारू झाला होता. गुडघा कायमचा आखडला, तेव्हापासून डोंगा त्याच हाकत. मी पहिल्यांदा जाळी पाण्यात सोडली तेव्हा त्या बराच वेळ पाहत होत्या.

"ह्या जाळ्यात कोन्ती मासोळी येते, पोरी?"

"डोळ्यांना न दिसणारी, बाई."

"मंग खाची कशी?" म्हणाल्या, आणि डोंगा पुढे ढकलला.

हिवाळाभर काम चांगलं झालं. दर पंधरवड्याला मी पाणी आणायची, शाळा सुटल्यावर शाळेच्याच ओट्यावर उजेडात बसून मोजायची. थंडीत तलाव नुसता गजबजलेला असे. हिरव्या काड्या, चाकं फिरवणारे जीव, पाण्यातल्या पिसवा. त्यातच एकाक्ष होते. एकाक्ष म्हणजे रव्याच्या कणाएवढा, झटके देत पोहणारा जीव. कपाळावर एकच लाल डोळा, मादीच्या शेपटीला अंड्यांच्या दोन थैल्या. मला तो फार आवडायचा.

चैत्रात तलाव आटू लागला. काठचा चिखल भेगाळला आणि सगळं गाव पिण्याच्या पाण्यासाठी तलावाखालच्या बावडीवर येऊ लागलं. ही पायऱ्यांची विहीर गावच्या मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, आजोबांनी बांधली होती. मालगुजारी गेली होती, पण लोक त्यांना मालगुजारच म्हणत. बाया पायऱ्या उतरून घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहून कळशा भरत. तलावावरून परतताना मी आणि बाईही उतरायचो आणि ओंजळीने पाणी प्यायचो. ते थंड पाणी उन्हातून आल्यावर किती गोड लागे, ते आजही जिभेवर आहे. घरी आई प्रत्येक घागर धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून घेत असे. मी बाहेर न गाळलेलं पाणी पिते, हे तिला ठाऊक नाही, असं मला वाटे.

एक दिवस सहज जाळी बावडीत बुडवून पाहिली. तलावात चैत्रातही वीसेक प्रकारचे जीव सापडत होते. इथे मात्र काच भरून एकाक्षच, दुसरं काही जवळजवळ नाही. मला आनंद झाला. हे कबूल केलंच पाहिजे. दोन पाण्यांतला इतका स्पष्ट फरक प्रबंधात शोभून दिसला असता. मी वही उघडली, मोजायला लागले, आणि एका एकाक्षाच्या अंगात काहीतरी हललं. मी सूक्ष्मदर्शकाची नळी खाली घेतली. त्याच्या पोटाच्या पोकळीत बारीक धाग्याचं वेटोळं होतं. ते हळूच सुटलं आणि पुन्हा वळलं.

पुढच्या काचेत आणखी एक. मग आणखी.

बी.एस्सी.ला सरांनी एक तास नारूवर घेतला होता. नारू झालेल्या माणसाच्या पायाला फोड येतो. आग होते म्हणून तो पाय पाण्यात बुडवतो. फोड फुटतो आणि आतली जंताची मादी हजारो पिल्लं पाण्यात सोडते. ती पिल्लं एकाक्ष गिळतो. तो एकाक्ष पाण्याबरोबर माणसाच्या पोटात गेला, की पिल्लू अंगात वाढत राहतं आणि साधारण वर्षाने हातभर लांब होऊन पायातून बाहेर निघतं. मधलं वर्षभर काहीही कळत नाही. औषध नाही.

मी मान वर केली. ओट्यावरून बावडीकडे जाणाऱ्या बायांची रांग दिसत होती. मी त्या पाण्याच्या किती ओंजळी प्यायले होते?

चार दिवस मी कोणाशी बोलले नाही. वडिलांची नोकरी, मालगुजारांचा मान, ही कारणं मी स्वतःला देत होते. खरं कारण भीती होतं. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी. चौथ्या दिवशी बावडीच्या शेवटच्या पायरीवर एक म्हातारा पाण्यात पाय सोडून डोळे मिटून बसलेला दिसला. त्याच्या शेजारीच गावातली एक सून कळशी बुडवत होती. मी तशीच बाईंच्या घरी गेले आणि त्यांना ओट्यावर घेऊन आले.

त्यांनी एक डोळा मिटून आत पाहिलं.

"हा कोन्त्या पान्यातला?"

"बावडीच्या."

"आनि ह्याच्या पोटातला दोरा?"

"नारूचं पिल्लू. असंच पाणी पिऊन तुमच्या घरधन्यांना नारू झाला असणार."

बाई माझ्याकडे वळल्या. "आपुन दोघीबी पेलो," त्या म्हणाल्या.

"हो."

"तुले भेव लागून राह्यलं?"

मी मान डोलावली. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

बातमी त्यांनीच गावभर केली, आणि दुसऱ्या दिवशी मालगुजार शाळेत आले. "मास्तर," ते वडिलांना म्हणाले, "तुमची पोरगी माह्या आज्याच्या बावडीत किडे हायेत म्हनते? देवीचं पानी हाय ते. नारू उष्णतेनं होते, पान्यानं नाई." वडील हात जोडून उभे राहिले. मागे जमलेल्या गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "तिच्याच शिशीतले किडे असतीन!"

बाईही त्या गर्दीत होत्या. त्यांनी डोक्यावरची रिकामी कळशी सरळ मालगुजारांच्या दिवाणजीच्या हातात दिली. "तुमीच भरून आना, दिवाणजी. पोरीले हातबी लावू देऊ नोका."

दिवाणजी पाणी घेऊन आला. अर्धं पाणी मी एका भांड्यात तसंच ओतलं. उरलेलं बाईंनी आपल्या धुतलेल्या लुगड्याचा पदर दुमडून दुसऱ्या भांड्यात गाळलं. मग दोन्हींतले थेंब काचेवर. मालगुजारांना मी आधी गाळलेलं पाणी दाखवलं, मग न गाळलेलं. ते दुसऱ्यांदा वाकले आणि वाकलेलेच राहिले. मग बाईंनी पदर उलटा करून स्वच्छ पाण्यात झटकला आणि मी त्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवला. त्यात एकाक्षांची झुंबड होती.

"एवढंच करा लागते?" त्यांनी विचारलं. "फडकं?"

"दुहेरी फडकं. आणि ज्याच्या पायाला फोड आहे त्यानं पायऱ्या उतरायच्या नाहीत. त्याचं पाणी दुसऱ्यानं भरून द्यायचं."

ते निघून गेले. संध्याकाळी त्यांच्या घरातली पाणी भरणारी बाई खांद्यावर फडकं टाकून बावडीवर आली, तशा आणखी काही जणी आणू लागल्या. काहींनी तोंडं वेंगाडली. त्या म्हाताऱ्याने पाय सोडून बसणं थांबवलं नाही. डोंगेवाल्या बाई दिसल्या की तेवढ्यापुरता उठायचा.

पावसाळ्यात बावडी गढूळ पाण्याने काठोकाठ भरली आणि एकाक्ष जवळजवळ नाहीसे झाले. माझ्या नोंदींत तो बदल नीट उतरला आहे. माझ्या अंगात काय बदललं होतं किंवा नव्हतं, ते मात्र कुठल्याच काचेवर ठेवता येत नव्हतं. दिवाळीनंतर मी प्रबंध लिहायला नागपूरला गेले. वसतिगृहात आंघोळीला बसले की आधी पाय पाहायची. घोटे, पोटऱ्या, गुडघ्यामागची खळगी. डास चावला तरी दोन दिवस जीव टांगणीला लागे. एकदा माघात टाचेच्या वर फोड आला. मी वर्गात जाणं थांबवलं. खोलीची कडी लावून बसले आणि भिंगातून त्या फोडाकडे पाहत राहिले. तिसऱ्या दिवशी तो फुटला आणि आतून नुसतं पाणी निघालं. नव्या चपलेचा फोड होता. मी रडले, पण ते सुटकेचं रडणं नव्हतं, कारण चैत्र यायचाच होता.

चैत्रात पत्र आलं. वडिलांनी बाकीच्या मजकुराखाली लिहिलं होतं: "तुझ्या डोंगेवाल्या बाईंच्या पायाला नारू निघाला आहे."

मी पहिल्या गाडीने गेले. बाई दारात पाय पसरून बसल्या होत्या. पाऊल सुजून तकतकत होतं. घोट्याखालच्या जखमेतून पांढरा दोरा बाहेर आला होता आणि बारीक काडीभोवती गुंडाळलेला होता. रोज सकाळी त्या कोमट पाणी ओतत आणि काडीला अर्धा वेढा देत. ओढला तर तुटतो, आणि तुटला तर पाय जातो.

मी पुढे झाले. त्यांच्या पायाशी बसले.

"मी पण तेच पाणी प्यायले होते, बाई," मी म्हणाले.

"मी जलमभर पेत आली. तू चार दिवस पेली. त्याच्यात रडाचं काय हाय?" मग हळू आवाजात, "तुले काई निंगालं का?"

"अजून नाही."

"दाखव बरं."

त्यांनी माझे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि खरखरीत अंगठ्याने सगळीकडे दाबून पाहिलं. स्वतःच्या जखमेकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

त्या दिवशी मी आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. निवडतच राहिली. "मागच्या साली तू उन्हातून तलावावरून यायचीस तरी घरी पाणी मागत नसायचीस," ती म्हणाली, "बाहेर कुठं पाणी पितेस, हे मला दिसत नव्हतं का? बावडीची गोष्ट निघाली तेव्हापासून रोज देवापाशी तुझ्या पायाचं बोलते." मग तिने ताटली बाजूला सारली आणि माझा हात घट्ट धरून बसली. आम्ही दोघी एकमेकींपासून एकच भीती वर्षभर लपवत होतो.

मला नारू निघाला नाही. चैत्र गेला, वैशाख गेला, ज्येष्ठही गेला. कुठल्या दिवशी भीती संपली ते सांगता येणार नाही. ती एकदम संपलीच नाही. बाईंचा दोरा महिन्याहून जास्त दिवसांनी अखंड बाहेर आला, पण जखम भरायला पावसाळा उजाडला. धान लावायला त्या जाऊ शकल्या नाहीत. डोंगा काठावर उलटा पडून होता. एवढ्या दिवसांत त्या एकदाही बावडीची पायरी उतरल्या नाहीत. शेजारणी पाणी आणून देत.

प्रबंधातलं नारूचं प्रकरण सरांनी काढून टाकायला सांगितलं. "हा डॉक्टरांचा विषय आहे. तुम्ही प्लवकांवर लिहा." मी म्हटलं, "सर, हे प्लवकच आहेत." बरीच हुज्जत घातल्यावर त्यांनी एक पान राहू दिलं.

त्या पानासाठी म्हणून, पाऊस पडण्याआधी मी बावडीचं पाणी पुन्हा तपासलं होतं. आठवडाभर रोज ओट्यावर बसून एकेक एकाक्ष पाहिला. एकाक्ष भरपूर होते, पण आत काही नव्हतं. शेवटच्या दिवशी आटोपत आणलं होतं, तेवढ्यात एकाच्या पोटात वेटोळं दिसलं.

मी बाईंना जाऊन सांगितलं. म्हणजे कोणीतरी अजूनही पाय बुडवला होता.

"कोन?" त्यांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. त्यांनी पायाला चिंधी गुंडाळली, भिंतीला टेकवलेली काठी घेतली आणि उठल्या. मी नको म्हणत होते. पहिल्या घराशी थांबून त्यांनी हाक दिली, "बाहेर या वं, सगळ्यायचे पाय पाहाचे हाय मले." मी त्यांच्या मागे मागे दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी जात राहिले.